विमानामागची रेष: गच्चीवरची नोंद नियमाच्या कामी कशी आणायची

दिल्लीहून हैदराबाद-बेंगळुरूकडे जाणारी विमानं अमरावती, वर्धा, यवतमाळच्या डोक्यावरून उत्तर-दक्षिण जातात. मुंबई-कोलकात्याची नागपूरच्या आसपास त्यांना आडवी छेदतात. ऑक्टोबर संपता संपता आभाळ निवळलं की वावरात उभं राहूनही ती मोजता येतात. एकामागे लांबलचक पांढरी रेष ओढलेली असते आणि पाच मिनिटांनी त्याच वाटेनं गेलेल्या दुसऱ्यामागे काहीच नसतं. हा फरक का पडतो, तो वहीत कसा उतरवायचा आणि विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्यांपुढे कसा ठेवायचा, ते इथे सांगितलं आहे. शाळेचं विज्ञान मंडळ, गावातली अभ्यासिका किंवा नेमानं बसणारी दोन-तीन पोरं असली तरी हे काम होतं. मोबाइल, वही आणि एक मोकळी गच्ची पुरते.

नियमाला भोक कुठे आहे

विमानाचं एक किलो इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.२५ किलो पाण्याची वाफ बाहेर पडते. सोबत नायट्रोजनची ऑक्साइडं, काजळी आणि थोडं गंधक असतं. आभाळातली रेष म्हणजे हीच वाफ काजळीच्या कणांवर गोठून झालेला बर्फ. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं कुणी वरून औषध फवारत नाही. ‘यानं पाणी पळते का जी?’ हा प्रश्न गावात हमखास येतो. त्याला सरळ उत्तर द्यावं: रेष दहा-बारा किलोमीटरवर असते, आपल्या पावसाचं पाणी भरतं ते ढग त्याच्या बरेच खाली असतात, आणि रेषेमुळे पाऊस गेल्याचा कुठलाही पुरावा नाही. रेषेचा त्रास वेगळा आहे. पसरलेली रेष जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवते. दिवसा ती थोडं ऊन परतही फेकते, रात्री मात्र फक्त अडवते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, आजही सगळीकडे आधाराला घेतल्या जाणाऱ्या हिशोबात २०१८ पर्यंतच्या विमान वाहतुकीचा तापवणारा परिणाम दर चौरस मीटरला असा धरला आहे: रेषा आणि त्यांच्यापासून झालेले ढग ५७.४ मिलिवॅट, कार्बन डायऑक्साइड ३४.३, नायट्रोजन ऑक्साइडं १७.५. मात्र रेषांच्या आकड्याची शक्यता १७ ते ९८ एवढी रुंद आहे. नियमाची गाडी अडते ती इथेच. ज्याचा आकडा इतका हलतो त्यावर पैसे कसे आकारायचे, असं विमान कंपन्या विचारतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आज कागदावर काय आहे ते पाहा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची कॉर्सिया योजना फक्त कार्बन डायऑक्साइड मोजते, तेही फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं. त्याच संघटनेच्या सोळाव्या परिशिष्टाच्या दुसऱ्या खंडात इंजिनाच्या काजळीला आणि नायट्रोजन ऑक्साइडांना मर्यादा आहेत. पण त्या चाचणीत उतरणं, चढणं आणि धावपट्टीवर फिरणं एवढंच धरतात, म्हणजे जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत. रेष उमटते ३५,००० फुटांवर. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून आपल्या हद्दीतल्या उड्डाणांना कार्बनेतर परिणाम, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडून रेषांसारखे बाकीचे, मोजून कळवायला लावलं. कंपनीनं स्वतःचा तपशील दिला नाही तर तिच्या नावावर मुद्दाम चढे धरलेले आकडे पडतात, ही त्या नियमातली हुशारी. दिल्ली-हैदराबादसारखं देशांतर्गत विमान मात्र कॉर्सियातही नाही आणि युरोपच्या यादीतही नाही. आपल्या डोक्यावरच्या बहुतेक रेषा कुणाच्याच खात्यात लिहिल्या जात नाहीत.

युरोपसारखी पद्धत इथे आणली तरी ती गणितावर चालेल: विमान कुठे होतं, तिथे हवा किती थंड आणि किती दमट होती, म्हणून रेष पडली असणार. त्या उंचीवरच्या दमटपणाचा अंदाज हा या गणिताचा सगळ्यात कच्चा दुवा. जमिनीवरून कुणीतरी ‘पडली’ किंवा ‘पडली नाही’ असं वेळेसकट लिहिलं असेल तरच गणित तपासता येतं. गच्चीवरच्या वहीचं मोल एवढ्यासाठी आहे.

रेष उमटते केव्हा, टिकते केव्हा

या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. उमटायला थंडी लागते. टिकायला थंडीबरोबर असा दमटपणा लागतो की बर्फ हवेत परत विरणार नाही, म्हणजे बर्फाच्या हिशोबानं आर्द्रता १०० टक्क्यांच्या वर हवी.

उंची हवेच्या दाबावरून धरा. विमानाची ‘फ्लाइट लेव्हल’, म्हणजे शंभर-शंभर फुटांत सांगितलेली उंची, हीच मुळात दाबावरून ठरते, त्यामुळे रूपांतराची कटकट नाही. लेव्हल ३०० म्हणजे सुमारे ३०० हेक्टापास्कल (हे दाबाचं माप), ३४० म्हणजे २५०, आणि ३८५ च्या आसपास २००. आजच्या इंजिनांसाठी, बर्फाच्या हिशोबानं काठोकाठ भरलेल्या हवेत, रेष उमटायला साधारण एवढी थंडी हवी: ३०० हेक्टापास्कलवर उणे ४५ अंश सेल्सियस, २५० वर उणे ४७, २०० वर उणे ५०. हवा पार कोरडी असेल तर आणखी तीन-चार अंश खाली जावं लागतं. इंजिन जुनं की नवं यावरून एक-दोन अंश इकडेतिकडे होतात.

आता आपलं आभाळ. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६ ला टेकला तरी त्याचा वरच्या हवेशी फारसा संबंध नाही. विदर्भावर २५० हेक्टापास्कलला तापमान बहुधा उणे चाळीसच्या घरात असतं आणि २०० वर उणे पन्नासच्या पुढे. म्हणून इथे ३४,००० फुटांवरचं विमान पुष्कळदा कोरं जातं आणि ३८-३९ हजारांवरचं रेष ओढत जातं. युरोपात असं नसतं. तिथे ३४,००० फुटांवरही बऱ्याचदा पुरेशी थंडी असते. तिकडचा उपाय आहे तसा इकडे उचलून चालत नाही, तो यामुळे. आपल्याकडे थोडं खाली उतरलं की नुसत्या उबेनंच रेष बंद पडू शकते.

गच्ची तयार करणं

आभाळ ३० अंशांच्या वर चहूबाजूंनी मोकळं असेल अशी जागा घ्या. शाळेचं छत, पाण्याच्या टाकीजवळचा ओटा, धुऱ्यावरची उंचशी जागा, काहीही चालेल. ३० अंशांच्या खालचं लिहू नका. ११ किलोमीटर उंचीवरचं विमान ३० अंशांवर दिसतं तेव्हा ते आडवं १९ किलोमीटर लांब असतं, २० अंशांवर ३० किलोमीटर. तितक्या लांबची बारीक रेष धुरकटात विरून जाते आणि तुम्ही ‘रेष नाही’ असं खोटं लिहून बसता. धान कापणीनंतर धसकटं जाळली जातात त्या दिवसांत तर ४५ अंशांच्या खाली पाहूच नका.

कोन मोजायला हात पुरतो. हात ताठ पुढे धरला की बंद मूठ सुमारे १० अंश, अंगठा २ अंश, करंगळी १ अंश. पण प्रत्येकाच्या हाताची लांबी वेगळी, म्हणून एकदा ताळा घ्या. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश, आणि विदर्भात बहुतेक ठिकाणी तो २० ते २१ अंश आहे. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत ध्रुवापर्यंत जा. दोन मुठी आणि करंगळी भरली तर तुमची मूठ बरोबर. अडीच मुठी लागल्या तर तुमची मूठ ८ अंशांची आहे, तसं वहीच्या पहिल्या पानावर नावासकट लिहून ठेवा. याच रात्री उत्तर दिशाही पक्की होते. छतावर चुन्याची रेघ मारून घ्या, कारण मोबाइलचा होकायंत्र स्लॅबमधल्या सळ्यांमुळे भरकटतो.

मोबाइल टांगायचा असेल तर तोंड उत्तरेकडे आणि ४५ अंश वर करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे भिंगात ऊन शिरत नाही. दर १० सेकंदांना एक फोटो पुरतो. चौकटीच्या कोपऱ्यात झेंड्याच्या काठीचं टोक किंवा टाकीची कड येऊ द्या, म्हणजे रात्रीतून कुणी फोन हलवला तर सकाळी कळतं. सूर्याजवळचं पाहायचं तर तो भिंतीआड झाकून पाहा. दुर्बीण सूर्याकडे चुकूनही फिरवू नका.

नोंद घेणं

पहाटे साडेपाच ते साडेसात आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळा धरा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून हवामान खात्याचा फुगा दिवसातून दोनदा सुटतो आणि त्याची नोंद पहाटे साडेपाच व संध्याकाळी साडेपाचच्या नावे लागते. तुमची नोंद त्याच्या जवळची असली की पुढचं काम सोपं जातं.

आवाज आला की तिकडे पाहू नका. ११ किलोमीटरवरून आवाज यायला पस्तीसेक सेकंद लागतात, तेवढ्यात विमान आठ-नऊ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. डोक्यावरचा आवाज ऐकून विमान हुडकायचं तर त्याच्या वाटेवर चार मुठी पुढे नजर टाका.

विमान दिसलं की फ्लाइटरडार२४ किंवा एडीएस-बी एक्स्चेंज हे विमानांचा माग दाखवणारं संकेतस्थळ उघडून त्याचा मार्ग, प्रकार आणि उंची तिथल्या तिथे टिपा. ‘रात्री निवांत पाहू’ म्हटलं की घोळ होतो. फुकटच्या खात्यात जुनी उड्डाणं थोडेच दिवस राहतात आणि दोन विमानं मागेपुढे असली की कुठलं कुठलं ते आठवत नाही.

रेषेला आम्ही तीन नावं वापरतो, कारण पोरांना ती समजावून सांगावी लागत नाहीत. शेपटी म्हणजे विमानाबरोबर पळणारी, मागून विरत जाणारी. पेळू म्हणजे दहा मिनिटांनंतरही शाबूत, पण बारीक आणि गुळगुळीत. पिंजण म्हणजे दहा मिनिटांनंतर कडा सुटून कापसासारखी फुललेली. दहा मिनिटांची मर्यादा मनची नाही. जागतिक हवामान संघटनेच्या मेघकोशात २०१७ पासून एवढा वेळ टिकलेल्या रेषेलाच माणसामुळे झालेला तंतुमेघ म्हणून जागा दिली आहे. शेपटीपेक्षा जास्त पण दहा मिनिटांपेक्षा कमी टिकली तर नाव देऊ नका, नुसती मिनिटं लिहा.

शेपटीचं आयुष्य हातानं मोजता येतं. डोक्यावर असताना १ अंश म्हणजे सुमारे १९० मीटर, आणि विमान सेकंदाला २५० मीटर जातं. म्हणजे एक मूठ लांबीची शेपटी सुमारे आठ सेकंदांची. पिंजणीची रुंदीही अशीच निघते, फक्त ती जितकी क्षितिजाकडे कलेल तितका अंश मोठा धरायचा: डोक्यावर १९० मीटर, ६० अंशांवर २२०, ४५ वर २७०, ३० वर ३८०. ४५ अंशांवर अंगठ्याएवढी रुंद दिसली तर ती अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त आहे.

वहीतली एक ओळ कशी असावी, त्याचा नमुना:

‘१२ डिसेंबर, सायं. ५:२२, जागतिक वेळ ११:५२. उत्तरेकडून दक्षिणेकडे. ए३२०, लेव्हल ३७०. उंचीचा कोन ६०. जन्मताना पाहिली: हो. ५:३२ ला आहे, पूर्वेकडे तीन मुठी सरकली, रुंदी करंगळी. पेळू. आभाळ: पश्चिमेला पातळ तंतुमेघ, बाकी स्वच्छ. पाहणारे दोघे.’

‘जन्मताना पाहिली’ हा रकाना कुणी गाळतो, आणि मग सगळी वही वाया जाते. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचा वारा ताशी १०० किलोमीटर आणि त्याहून जास्तही असतो. दहा मिनिटांत रेष सोळा-सतरा किलोमीटर पूर्वेला सरकते. तासाभरापूर्वी कारंजा-दारव्ह्याकडे उमटलेली रेष वर्ध्याच्या डोक्यावर येते, नेमकं तेव्हाच खालून भलतंच विमान जातं आणि रेष त्याच्या नावावर चढते. म्हणून पुढच्या टोकाला विमान दिसत असेल त्याच रेषेला विमानाचं नाव द्या. बाकीच्या ‘अनाथ’ म्हणून वेगळ्या पानावर.

दुसरी चूक वेळेची. संगणकातली सगळी हवामान-माहिती जागतिक वेळेत असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद तिथे आदल्या तारखेत जाते. जागलीवरच्या नोंदींमध्ये ही चूक हमखास होते.

जागलीचं नाव निघालंच आहे तर: रानडुकरं आणि रोह्यांपायी रात्र रात्र वावरात जागणारा माणूस हा या कामातला सगळ्यात दुर्मीळ साक्षीदार आहे, कारण रात्रीची रेष फक्त तापवते आणि रात्रीच्या नोंदी जवळपास कुणाकडेच नसतात. अष्टमीपासून पौर्णिमेच्या चार-पाच दिवस पुढेपर्यंत, चंद्र वर असताना, रेष डोळ्यांना स्पष्ट दिसते. अंधाऱ्या पक्षात ती दिसत नाही, म्हणून तिथे ‘नाही’ लिहायचं नाही. वहीत तीन खुणा ठेवा: रेष दिसली तर उभी दांडी, विमान नीट दिसलं पण रेष नव्हती तर शून्य, ढग-अंधार-चहामुळे पाहता आलं नाही तर आडवी रेघ. शून्य आणि आडवी रेघ एकच समजली की पुढचा सगळा हिशोब खोटा ठरतो.

फुग्याशी ताळा

वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जगभरच्या फुग्यांच्या नोंदी फुकट मिळतात. नागपूरचा केंद्र क्रमांक ४२८६७. तक्त्यात दाब, उंची, तापमान, दवबिंदू आणि सापेक्ष आर्द्रता असे रकाने असतात. विमानाच्या लेव्हलजवळची ओळ शोधा. तिच्यातली सापेक्ष आर्द्रता पाण्याच्या हिशोबाची असते, ती बर्फाच्या हिशोबात न्यायला गुणा: उणे ४० अंशांना १.४७ नं, उणे ४५ ला १.५४ नं, उणे ५० ला १.६२ नं, उणे ५५ ला १.७१ नं. समजा २०० हेक्टापास्कलच्या ओळीत तापमान उणे ५२ आणि आर्द्रता ६४ आहे. या तापमानाला गुणक सुमारे १.६५, म्हणजे बर्फाच्या हिशोबानं १०६ टक्के. थंडी पुरेशी, दमटपणा शंभराच्या वर, तेव्हा पेळू किंवा पिंजण अपेक्षित. त्याच ओळीत आर्द्रता ३० असती तर ४९ टक्के झाले असते, आणि उमटलीच तर शेपटी.

ताळा जमला नाही तर आधी फुग्यावर संशय घ्या. इतक्या थंडीत त्याचा आर्द्रतेचा संवेदक मंदावतो आणि बऱ्याचदा हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो. फुगा ११ किलोमीटरवर पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, आणि हिवाळी वाऱ्यात तो तोवर भंडाऱ्याकडे सरकलेला असतो. वर्धा-नागपूर-भंडाऱ्यासाठी हे चालून जातं. बुलढाण्याच्या गावासाठी ३०० किलोमीटर लांबचा फुगा साक्षीला घेऊ नये. काही दिवशी तक्ता ३०० हेक्टापास्कललाच तुटतो, त्या दिवसाचा रकाना कोरा सोडा.

ज्यांना संगणकावर पायथन चालवता येते त्यांनी पायकॉन्ट्रेल्स हे खुलं साधन घ्यावं. त्यात युरोपीय हवामान केंद्राची ईआरए५ ही हवामानाची माहिती भरली की प्रत्येक उड्डाणाला रेष पडायला हवी होती का आणि किती टिकायला हवी होती, ते निघतं. या माहितीचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरचा असतो. दमट हवेचा थर काही वेळा त्याहून अरुंद आणि उंचीला काहीशे मीटरचाच असतो. गणित इथेच घसरतं, आणि आपल्याला हेच दाखवायचं आहे. इन्सॅट उपग्रहाची चित्रं इस्रोच्या मोसडॅक संकेतस्थळावर मिळतात, पण उष्णतेच्या पट्ट्यात त्यांचा ठिपका ४ किलोमीटरचा आहे, त्यात पेळू सापडत नाही.

मग चार चौकोन आखा: गणितानं ‘हो’ म्हटलं आणि रेष होती, ‘हो’ म्हटलं आणि नव्हती, ‘नाही’ म्हटलं आणि होती, ‘नाही’ म्हटलं आणि नव्हती. प्रत्येक विमान एका चौकोनात. शून्यांची नोंद का हवी, ते इथे कळतं. फक्त रेषा दिसलेलीच विमानं लिहिली तर ‘नेहमी रेष पडते’ असं सांगणारं मूर्ख गणितसुद्धा शंभर टक्के बरोबर ठरेल. निदान दोनशे विमानं आणि दोन वेगळे महिने झाल्याशिवाय टक्केवारी काढू नका. एकाच संध्याकाळची चाळीस विमानं एकाच हवेतून गेलेली असतात, म्हणून ती चाळीस वेगळे पुरावे होत नाहीत.

मागायचं काय

सगळी विमानं खाली उतरवा, असं मागू नका. खालच्या दाट हवेत इंधन जास्त जळतं, आणि बहुतेक उड्डाणांची रेष निरुपद्रवी शेपटीच असते. जपानच्या आकाशाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की २.२ टक्के उड्डाणांनी रेषांच्या तापवण्याचा ८० टक्के वाटा उचलला होता. म्हणजे मोजकी विमानं, मोजक्या वेळी. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सनी ७० उड्डाणांवर उंची बदलून पाहिली. रेषा ५४ टक्क्यांनी घटल्या, त्या उड्डाणांचं इंधन सुमारे २ टक्के वाढलं.

आपल्याकडचा हिशोब हातानं करून पाहा. ए३२० तासाला सुमारे २,४०० किलो इंधन जाळतं असं धरा. वीस मिनिटं खालच्या पातळीवर, २ टक्के जादा: १६ किलो इंधन, ५० किलो कार्बन डायऑक्साइड. एकाच दिशेच्या पातळ्या २,००० फुटांच्या फरकानं असतात, म्हणून विमान ३७० वरून ३५० वर येतं. तेवढ्यानं हवा चार-पाच अंश उबदार मिळते. वर दिलेल्या मर्यादा पाहता विदर्भात ती पुष्कळदा पुरावी. हे १६ किलो कुणी भरायचे हा खरा वाद आहे. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर असून त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे कंपन्या किलोकिलोवर भांडतील.

निवेदनात या क्रमानं मागावं. पहिलं, देशांतर्गत उड्डाणांचीही कार्बनेतर नोंद: वेळ, स्थान, पातळी, इंजिनाचा प्रकार, इंधनाचा वापर. दुसरं, काही विमानांवर आर्द्रता मोजणारी उपकरणं. तापमान आणि वारा आज अनेक विमानं मोजून पाठवतात, आर्द्रता मोजणारी मोजकीच. तिसरं, रात्रीच्या कमी गर्दीत मध्य भारतावर उंची बदलण्याची मर्यादित चाचणी, जमिनीवरच्या नोंदींसह. चौथं, इंधनातल्या ॲरोमॅटिकांचं, म्हणजे जळताना जास्त काजळी करणाऱ्या घटकांचं, प्रमाण जाहीर करणं. त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के आहे, पण त्या आत प्रत्यक्षात किती, हे उड्डाणागणिक कळत नाही, आणि काजळी बरीचशी त्यांच्यावर ठरते. जर्मनीच्या डीएलआर या विमान-अंतराळ संशोधन संस्थेनं सहभागींसह केलेल्या उड्डाण-चाचणीत निव्वळ शाश्वत इंधनावर (खनिज तेलाऐवजी वापरलेलं तेल, शेतीचा कचरा अशांपासून केलेल्या) रेषेतले बर्फकण ५६ टक्क्यांनी कमी मिळाले. भारताचं शाश्वत इंधनाचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का आणि २०२८ ला २ टक्के आहे. इतकं थोडं इंधन सगळीकडे शिंपडण्यापेक्षा टिकाऊ रेषा पडणाऱ्या उड्डाणांना दिलं तर जास्त उपयोगी, हेही लिहावं.

तुलनेसाठी २० आणि १०० वर्षं असे दोन्ही हिशोब मागा. रेष काही तासांत जाते, कार्बन डायऑक्साइड शतकं राहतो. वीस वर्षांच्या चष्म्यातून रेष मोठी दिसते, शंभराच्या चष्म्यातून लहान, आणि ज्याला जो सोयीचा तो तेवढाच दाखवतो. नायट्रोजन ऑक्साइडांचं वेगळं विचारा. ज्वलन जास्त गरम केलं की इंधन वाचतं, पण ही ऑक्साइडं वाढतात, म्हणून एकाच आकड्यावर खूश होऊ नका.

कागद कुठे द्यायचा

केंद्राच्या तक्रार पोर्टलवर हे टाकू नका. तिथे सूचना ही तक्रार धरली जात नाही, अर्ज बंद होतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीतला दहावा विभाग पर्यावरणाचा आहे. त्यातल्या दुरुस्तीचा मसुदा संकेतस्थळावर आला की हरकती-सूचना मागवतात, तेव्हा मुदतीत पाठवा. कलमाचा क्रमांक, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर आणि कारण, अशा चार रकान्यांत लिहिलेलं वाचलं जातं. तीन पानी भावनिक पत्र बाजूला पडतं.

मसुदा येईपर्यंत माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, मजकूर शक्यतो ५०० शब्दांच्या आत. कलम ६ प्रमाणे अर्ज करण्याच्या भागातली राजभाषा चालते, म्हणून केंद्राच्या कार्यालयाला मराठीतही अर्ज करता येतो. ऑनलाइन जमत नसेल तर तालुक्याच्या टपाल कार्यालयात केंद्राच्या अर्जांसाठी नेमलेला सहायक माहिती अधिकारी आहे का ते विचारा आणि दहाची पोस्टल ऑर्डर जोडा. ‘रेषांबद्दल आपलं धोरण काय?’ असं विचारलं तर ‘माहिती उपलब्ध नाही’ येतं, कारण मत विचारता येत नाही, कागद मागता येतो. असं विचारा: ‘विमानांच्या कार्बनेतर उत्सर्जनाबाबत १ जानेवारी २०२३ पासून झालेल्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती द्याव्यात.’ विमानतळ प्राधिकरणाला वेगळा अर्ज करा, कारण हवाई वाहतूक नियंत्रण त्यांच्याकडे आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

निवेदनाला चार चौकोनांचा तक्ता, गावाचा अक्षांश-रेखांश, पाहण्याच्या एकूण तासांची संख्या आणि दोन-तीन फोटो जोडा. फोटोवर वेळ आणि दिशा छापलेली हवी. किती विमानांना आडवी रेघ पडली तेही सांगा, लपवू नका. मूळ वही शाळेच्या कपाटात ठेवा आणि दिल्लीला झेरॉक्सच पाठवा.